रॉबिन्सनच्या बेटावरचं ते प्रकरण गेलं कुठे?

पानगळ

नऊ-दहा वर्षांची असताना 'रॉबिन्सन क्रूसो'चं एक मराठी रूपांतर मी किती वेळा वाचलं याची मोजदाद नाही. पातळसं पुस्तक. मुखपृष्ठ आधीच गेलेलं, मग पहिली चार पानंही सुटली. त्यामुळे माझा रॉबिन्सन कायम ऐन वादळातच सुरू व्हायचा. रूपांतर कुणी केलं होतं तेही त्या चार पानांबरोबर गेलं.

त्यातलं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे फ्रायडे रॉबिन्सनला आपली भाषा शिकवतो ते. रात्रीची वेळ, शेकोटी पेटलेली. फ्रायडे एकेका वस्तूकडे बोट दाखवून शब्द सांगतोय आणि हा दाढीवाला बाप्या शाळकरी पोरासारखा घोकतोय. चुकला की फ्रायडे पोट धरून हसतो. वर्गात उत्तर चुकलं की हसं कुणाचं होतं हे मला त्या वयात नीट माहीत होतं, म्हणून मोठा माणूस चुकतोय याचा केवढा आनंद!

आता चौपन्नाव्या वर्षी मूळ पुस्तक अख्खं वाचायला घेतलं. १७१९ चं इंग्रजी, एकेक वाक्य संपता संपत नाही. पण फ्रायडे येईपर्यंत दम धरला. आला एकदाचा. आणि रॉबिन्सन त्याला नाव विचारतच नाही! जीव वाचवला तो वार शुक्रवार, म्हणून हा फ्रायडे. त्यानंतर लगेच त्याला 'मास्टर' म्हणायला शिकवतो आणि सांगतो, हे माझं नाव. पुढची सगळी शिकवणी एकतर्फी. फ्रायडेच्या देवाचं नाव वगैरे एखाद-दुसरा शब्द काय तो उलट दिशेने येतो. शेकोटीपाशी घोकणं नाही, हसणं तर नाहीच. तीनदा मागेपुढे चाळलं.

तर, भाषा शिकवण्याचं ते प्रकरण कुणी वाचलंय का? की चाळीस-पंचेचाळीस वर्षं मी नसलेल्या पुस्तकावर प्रेम करत होते? तुमच्यापैकी कुणी लहानपणीचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि असं काही झालं असेल तर तेही सांगा.

*

उलटीवाट

ताई, रूपांतरकारावर संशय घ्यायला भरपूर जागा आहे. मुलांसाठीचा रॉबिन्सन म्हणजे मूळ पुस्तकाचा मधला तुकडा. बेटावरची अठ्ठावीस वर्षं ठेवायची, अलीकडचं-पलीकडचं छाटायचं. बेटावर येण्याआधी हा गृहस्थ स्वतः गुलाम होता, हे किती जणांना आठवतंय? चाच्यांनी पकडलेला. तिथून झुरी नावाच्या पोराला घेऊन होडीतून पळतो. ते पोरगं त्याच्यासाठी जीव द्यायला तयार. आणि पुढे पोर्तुगीज कप्तान भेटल्यावर हा त्याच झुरीला साठ नाण्यांना कप्तानाच्या हवाली करून मोकळा होतो. पुढे ब्राझीलमध्ये मळा घेतो, मळ्याला माणसं हवीत म्हणून आफ्रिकेतून गुलाम आणायला निघतो, आणि जहाज फुटतं ते नेमकं त्या सफरीत.

मला हे तिशीत कळलं. त्याआधी माझ्या लेखी तो 'साहसाची आवड असलेला तरुण' होता. इतकं गाळणाऱ्या एखाद्या रूपांतरकाराला मनाची टोचणी लागली असेल आणि त्याने भरपाई म्हणून एक प्रकरण पदरचं घातलं असेल, तर मला तरी नवल वाटणार नाही.

*

शाईचाडाग

मूळ पुस्तकात गाळायला हवं होतं ते भलतंच! तो कपडे काढून पोहत फुटक्या जहाजावर जातो आणि तिथे गेल्या गेल्या खिशात बिस्किटं भरतो. कुठल्या खिशात? हे मला बाराव्या वर्षी दिसलं नाही, बेचाळिसाव्या वर्षी पहिल्या झटक्यात दिसलं. म्हातारपण म्हणजे हेच असावं.

*

निवृत्त_मास्तर

शाईचाडाग, जरा पुढचं पान वाचा. किनाऱ्यावर ठेवलेले कोट, सदरा, बंडी भरतीत वाहून गेल्याचं तो सांगतो, आणि विजार व मोजे घालूनच पोहत गेलो होतो असंही तिथेच म्हणतो. विजारीला खिसे असतात. ही चूक काढणारे तुम्ही पहिले नाहीत, पुस्तक आलं त्याच वर्षी लोकांनी काढली होती. पण बेटा, प्रश्न चांगला विचारलास.

पानगळताई, तुमचं वाचून मला माझा पंचतंत्राचा अनुभव आठवला. लहानपणी वाचलेलं पंचतंत्र म्हणजे माकड-मगर, बोलकं कासव आणि प्रत्येक गोष्टीखाली जाड ठशात तात्पर्य. नोकरीतून मोकळा झाल्यावर संस्कृत मूळ, अर्थ लावत लावत, वर्षभर वाचलं. पहिलंच तंत्र मित्रभेद. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची अगदी घट्ट मैत्री. दमनक कोल्हा दोघांचे कान भरतो. सिंह बैलाला मारतो. आता पुढे कोल्ह्याचं पितळ उघडं पडणार, त्याला शिक्षा होणार, अशी मी वाट बघत बसलो. तर राजा थोडा वेळ शोक करतो, दमनक त्याची समजूत काढतो, आणि पुन्हा प्रधानकी करू लागतो. संपलं तंत्र!

तिसऱ्या तंत्रात स्थिरजीवी कावळा घुबडांकडे आश्रित म्हणून राहतो, त्यांचं खातो आणि एके दिवशी गुहेच्या तोंडाशी लाकडं रचून सगळ्यांना जाळतो. ग्रंथकर्त्याचा कल त्याच्याच बाजूने. मग ध्यानात आलं, की राजाची तीन मठ्ठ पोरं सहा महिन्यांत शहाणी करायची, हा विष्णुशर्म्याचा पण होता. शहाणी करायची, सज्जन करायची असं तो कुठे म्हणाला होता? तीस वर्षं वर्गात मी याच गोष्टींवरून पोरांना 'यावरून काय बोध घ्याल' विचारलं आणि बोधाला पाचपैकी गुण दिले. दमनकाच्या गोष्टीवरून कुणी खरा बोध लिहिला असता तर मी त्याला शून्य दिलं असतं.

*

कोपरा

मी परत वाचत नाही. मुद्दाम. माझ्या आठवणीत फास्टर फेणे 'ट्टॉक्' करतो तेव्हा माझ्या पाठीतून शिरशिरी जाते. ते तसंच राहू दे. एकदा एका दुसऱ्या लाडक्या लेखकाचं पुस्तक (नाव सांगत नाही, चाहते अंगावर येतील) पुन्हा उघडलं, तर दर दोन पानांना मुलींनी कसं वागावं यावर भाषण. लहानपणी ती भाषणं मी बहुधा उड्या मारत ओलांडली होती. आता उडी जमत नाही. पुस्तक गेलंच, वर त्या सुट्टीची आठवणही नासली.

*

चंपकली

+१ कोपरा.
आणि -१ सुद्धा. फाफे मी गेल्या वर्षी परत वाचला. भा. रा. भागवत ग्रेट आहेत, एवढंच म्हणेन. वाक्यं इतकी चपळ, की पान उलटायच्या आत बनेश फेणे भिंतीपलीकडे. लहानपणी फक्त 'पुढे काय' वाचलं होतं, आता 'कसं लिहिलंय' वाचलं. भीती बाळगू नकोस गं, हे टिकलंय.

*

दुपार

मी एकसष्ट वर्षांची. 'श्यामची आई' शाळेत असताना वाचलं, रडले, सगळेच रडतात. सानेगुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, हे तेव्हा पाठ केलेलं. त्या वयात मी अर्थातच श्यामच्या बाजूने होते. पाण्यात उडी मारायला घाबरून तो लपून बसतो आणि आई शिंपटी घेऊन मारते, त्या प्रकरणात मला तिचा भयंकर राग आला होता. अंघोळीनंतर ती ओले तळवे टेकायला आपला पदर पसरते, ते वाचून तो राग निवळला. एवढाच माझा आणि तिचा व्यवहार.

मागच्या पावसाळ्यात पुन्हा वाचलं आणि श्याम मला जवळपास दिसलाच नाही. दिसत होती ती बाई. घर कर्जात चाललंय, वसुलीला माणूस दारात येऊन वाटेल ते बोलतोय, अंगात ताप आहे आणि तरी घरचं कुणाला कळू द्यायचं नाही. मुलाला मारून झाल्यावर तिचा स्वतःचा चेहरा कसा झाला असेल, हे मी साठीला आले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. श्यामचं शिक्षण चालू असतानाच ती जाते. म्हणजे मी आज तिच्यापेक्षा कितीतरी मोठी आहे. पुस्तक मिटल्यावर तिला 'आई' म्हणायला जीभच वळेना. धाकट्या जावेसारखी वाटली.

यावेळी रडले नाही. नुसती बसून राहिले.

*

पानगळ

दुपारताई, काय लिहिलंय तुम्ही. शेवटची ओळ दोनदा वाचली.

मास्तर, 'पाचपैकी गुण' वाचून हसले, मग नाही हसले.

*

बुकमार्क

मूळ प्रश्नाकडे येतो. फ्रेडरिक बार्टलेट नावाचे केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ होते. स्मरणशक्तीवरचं त्यांचं पुस्तक १९३२ चं. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासींची एक लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाने, काहींना तर महिने-वर्षं गेल्यावर, आठवेल तशी लिहायला सांगितली. गोष्ट दर वेळी आखूड होत गेली. भुताखेतांचा जो भाग वाचकांच्या डोक्यात बसत नव्हता तो गळाला किंवा त्याला काहीतरी 'समजण्यासारखं' कारण जोडलं गेलं. मूळ गोष्टीतली लाकूड कोरून केलेली छोटी नाव काहींच्या आठवणीत साधी होडी झाली, सीलची शिकार मासेमारी झाली. कुणी खोटं बोलत नव्हतं. आठवणं म्हणजे कपाटातून वस्तू काढणं नव्हे, दर वेळी नव्याने जुळवणं, असा त्यांचा निष्कर्ष.

तुम्हाला त्या वयात एक माणूस सतत शिकवतो आणि दुसरा सतत शिकतो हे अन्यायाचं वाटलं असणार. डोक्याने तेवढं सरळ करून घेतलं.

*

पानगळ

पटतंय, पण पूर्ण नाही. त्या वाचकांनी गाळलं आणि बदललं. मी तर अख्खं प्रकरण वाढवलंय! शेकोटी, बोट दाखवणं, पोट धरून हसणं. आणि माझ्या आठवणीत ते *पानाच्या डाव्या बाजूला* आहे. नसलेल्या मजकुराला डावी बाजू कशी असेल?

*

हरवलेलं_पान

स्वतःच्या आठवणीवर सगळा दोष घेऊ नका, पुस्तकंही बदलतात. पिनोकिओची गोष्ट १८८१ मध्ये एका मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः सुरू झाली तेव्हा लेखक कोलोदीने पिनोकिओला ओकच्या झाडाला फासावर लटकवून ती संपवली होती. नंतर पुन्हा सुरू केली आणि पुढचे सगळे भाग आले. आणि तो उपदेश करणारा गोड रातकिडा? पिनोकिओ त्याला चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून भिंतीवर चिरडतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई सख्खी आई आहे. सावत्र केली ती पुढच्या आवृत्त्यांत, त्यांनीच. तेव्हा 'मी वाचलं होतं ते असं नव्हतं' म्हणणारे दोन वाचक दोघेही खरं बोलत असू शकतात.

*

शाईचाडाग

अवांतर: विक्रम-वेताळही त्यातलाच. 'चांदोबा'त वेताळ वर्षानुवर्षं संपायचाच नाही, मला वाटायचं गोष्टी अगणित आहेत. मूळ संस्कृतात पंचवीस. राजाला शेवटी असा नात्यांचा गुंता विचारतात (बाप एका मुलीशी लग्न करतो, त्याचा मुलगा तिच्या आईशी, तर त्यांच्या मुलांचं एकमेकांशी नातं काय) की तो गप्प बसतो. गप्प बसतो म्हणून वेताळ उडत नाही. चांदोबातला राजा बिचारा दर महिन्याला उत्तर देत राहिला, कारण नाहीतर अंक कसा निघणार!

चांदोबाचे चित्रकार शंकर यांचं ते चित्र मात्र, खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, आजही डोळे मिटले की जसंच्या तसं. मजकूर एक ओळ आठवत नाही.

*

चष्मेबद्दूर

चित्रांवरून आठवलं. आमच्याकडे रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं होती. गुळगुळीत कागद, मजबूत बांधणी. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला आणि ती यायची थांबली. त्यातला देनिस हा माझा जिवलग. व्हिक्टर द्रागून्स्कीची एक गोष्ट आहे. संध्याकाळी अंगणात देनिस आईची वाट बघत एकटा बसलाय. मित्र येतो. देनिस आपली नवीकोरी मालमोटार त्याला देऊन टाकतो आणि बदल्यात घेतो काड्यापेटीतला एक काजवा. आई आल्यावर विचारते, एवढी चांगली गाडी का दिलीस? तर हा म्हणतो, हा जिवंत आहे ना, आणि उजेड देतो.

लहानपणी वाद असा, की सौदा फायद्याचा की तोट्याचा? भाऊ म्हणायचा तोट्याचा. मी काजव्याच्या बाजूने. पन्नाशीत वाचलं तर सौद्याशी मला काही देणंघेणंच राहिलं नाही. घराघरांत दिवे लागलेत, सगळ्यांच्या आया परत आल्यात आणि याची आलेली नाही. ते सगळं गोष्टीच्या पहिल्या पानावर आधीपासून होतं. मी मोटारीच्या नादात घाईने ओलांडून गेलो होतो.

आणखी एक. चाळिशी लागल्यापासून बारीक टाइपाची पुस्तकं नकोशी झाली. लहान मुलांच्या पुस्तकांचा टाइप मोठा, ओळींत ऐसपैस अंतर. देवाने सोय करून ठेवलीय. आधी दात नसतात तेव्हा आणि नंतर दात नसतात तेव्हा, पुस्तकं तीच.

*

कोपरा

दात :)
बरं, काजव्यासाठी एक अपवाद करेन म्हणते.

*

उलटीवाट

पानगळताई, 'डावी बाजू' हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, त्याचा माग काढा. हरवलेलं पुस्तक शोधताना मी दोन रकाने करतो. एकात खात्रीचं: आकार, कागदाचा रंग, चित्रं होती का, एकरंगी की दोनरंगी, किती साली हातात होतं. दुसऱ्यात नुसतं वाटतं ते. नाव आणि लेखक बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यात टाकावे लागतात, आपण तिथेच हमखास फसतो. चित्र मात्र सहसा दगा देत नाही. आणि त्याच वयाच्या आते-मामे भावंडांना विचारा. पुस्तकं घरात हरवत नाहीत, नातेवाइकांकडे राहतात.

त्या काळचा स्वस्त कागद आम्लधर्मी, लाकडाच्या लगद्याचा. लिग्निन असल्यामुळे पिवळा पडून कडकडीत होतो. मिळालं तर पूर्ण उघडू नका, कणा मोडेल. निम्मं उघडून मोबाइलवर फोटो काढा.

*

पानगळ

रकाने केले. खात्रीच्या रकान्यात तीन ओळी आल्या, दुसरा रकाना भरून मागच्या पानावर गेला. मामेबहिणीला विचारते.

*

निवृत्त_मास्तर

वाट बघतो आहे. आमच्या वयात फार लांबवू नका.

*

पानगळ

मिळालं! मामेबहिणीच्या जुन्या ट्रंकेत, तिच्या मुलाच्या वह्यांखाली. पहिली चार पानं नाहीतच, म्हणजे पुस्तक तेच. रूपांतर कुणाचं ते आता कळणार नाही.

एका बैठकीत वाचलं, तासाभरात संपलं. लहानपणी आख्खी सुट्टी पुरायचं. आणि ते प्रकरण नाही. उलटीवाट, तुमच्या रूपांतरकाराला कसलीही टोचणी लागलेली नव्हती. झुरी गायब, गुलामांची सफर म्हणजे 'व्यापारासाठी प्रवास', आणि फ्रायडे आल्यावर दोन परिच्छेदांत त्याला कपडे, बंदूक आणि 'धनी' हा शब्द मिळतो.

पण डाव्या पानावर चित्र आहे. पानभर, एकरंगी, शाईच्या रेघांचं. रात्र, शेकोटी, दोघं समोरासमोर. फ्रायडेचा हात वर गेलेला, बोट झाडावरच्या पक्ष्याकडे. रॉबिन्सनचं तोंड उघडं. खाली छापलंय: 'रॉबिन्सनने फ्रायडेला बोलायला शिकवले.' चित्रकाराने हात चुकून भलत्याला दिला, की त्याने मजकूर वाचलाच नव्हता, कोण जाणे. मी मात्र खालची ओळ सोडून वरचं चित्र वाचलं होतं.

आणि मी विसरलेच होते असं एक: समासात पेन्सिलीने, माझ्या तेव्हाच्या गोल अक्षरात, तीन शब्द आहेत.

आग = हुला
पक्षी = किरीरी
झाड =

*

निवृत्त_मास्तर

झाडाच्या पुढे काय आहे?

*

पानगळ

काही नाही मास्तर. पेन्सिलीचं टोक मोडल्याचा ठिपका आहे.